नोकरी करणाऱ्या आयांचे नेहमीचे प्रश्न: रजा, डबा, अप-डाऊन आणि पाहुणेरावळे

बँकेत, शाळेत, दवाखान्यात, एमआयडीसीत, तहसीलमध्ये किंवा दुकानात नोकरी आणि घरात लहान लेकरू, अशा बायकांकडून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. काही लांब आहेत, काही दोन ओळींची.

खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा नक्की किती?

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, पगारी. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे, त्यातले आधी ६. हे आकडे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने आले, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहेत. अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. दुकान किंवा आस्थापना १० माणसांची असली तरी कायदा लागू होतो. तुम्ही कायम आहात की कंत्राटी, हे तो विचारत नाही. गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची रजा वेगळी आहे. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी चौथ्या दिवशी कामावर येतात.

तुमच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल (मर्यादा महिना २१,००० रुपये पगार) तर रजेच्या काळातले पैसे ते विमा महामंडळ देतं, मालक नाही. त्यामुळे अशा ठिकाणी ‘आम्हाला परवडत नाही’ या वाक्याला अर्थ उरत नाही.

राज्य सरकारी नोकरीत १८० दिवस. शिवाय मूल १८ वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती पहिल्या दोन अपत्यांसाठी आणि वर्षाला दोन महिन्यांपर्यंतच मिळते. दहावीच्या वर्षासाठी ती राखून ठेवणाऱ्या हुशार म्हणायच्या.

सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी न्यायची पद्धत आहे. रजा तेव्हापासूनच टाकावी का?

हिशेब करून टाका. आधीचे ८ आठवडे पूर्ण घेतले तर बाळ झाल्यावर हातात १८ आठवडे राहतात, म्हणजे जेमतेम चार महिने. आधी दोनच आठवडे घेतले तर नंतर २४ राहतात, साडेपाच महिने. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं असतं, म्हणून हा फरक फार मोठा आहे. रक्तदाब, सूज, जुळं किंवा डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती असेल तर प्रश्नच नाही, लवकर थांबा. फक्त रिवाज म्हणून जायचं असेल तर ओटीभरणाला दोन-तीन दिवसांची साधी रजा पुरते. गरोदरपणामुळे किंवा प्रसूतीमुळे आजारपण आलं तर आणखी एक महिन्याची पगारी रजा कायद्यात आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो.

साहेब म्हणतात, ‘तोंडी सांगितलं ना, झालं.’ अर्ज द्यायलाच हवा का?

द्याच. साहेब बदलतात. दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि तिचा फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. मजकूर एवढा पुरे:

‘माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख __ आहे. मी दि. __ पासून मातृत्व रजेवर जात आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. रजेच्या काळात मी अन्यत्र कोठेही काम करणार नाही. लाभाची रक्कम माझ्या पगार खात्यात जमा करावी. मी उपलब्ध नसल्यास रक्कम स्वीकारण्यासाठी __ यांना नामनिर्देशित करते.’

प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत द्यायची असते. घाईगडबडीत दवाखान्यात जावं लागलं आणि अर्ज राहिला, तर तो प्रसूतीनंतर देता येतो; हक्क जात नाही. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

रुजू झाल्यावर बाळाला पाजायला वेळ मिळतो का?

मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा, जेवणाच्या सुटीव्यतिरिक्त. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, आणि तिथे दिवसातून चारदा जाता येतं. इकडच्या बहुतेक ठिकाणी ही सोय कागदावरही नसते. घर जवळ असेल तर या दोन सुट्या जोडून दुपारी एकदाच घरी जाऊन यायचं, हे लेखी ठरवून घ्या. गावातल्या गावात ते जमतं. लांब असेल तर दूध काढून ठेवणं हाच मार्ग. त्यासाठी कडी लागणारी एक खोली आणि हात धुवायला पाणी एवढंच लागतं. रेकॉर्ड रूम चालते, बाथरूम चालत नाही.

काढलेलं दूध इथल्या उन्हात टिकतं का?

बाहेर नाही टिकत. पुस्तकातले ‘चार तास’ हे २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहेत. भुसावळला मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा तेवढं तापमान पहाटेही मिळत नाही. मार्च ते जून काढल्या काढल्या दूध थंड करायचं.

हात साबणाने धुवा. काचेची किंवा अन्नासाठीची म्हणून विकली जाणारी, उकळून वाळवलेली बाटली घ्या. एका बाटलीत ६० ते ९० मिली दूधच भरा, कारण एकदा कोमट केलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं आणि उरलेलं फेकताना जीव तुटतो. बाटलीवर तारीख-वेळ लिहा. ऑफिसात फ्रीज असेल तर आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. दार उघडझाप होताना तिथलं तापमान सगळ्यांत जास्त हलतं. फ्रीजमध्ये ४ दिवस, डीप फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत. फ्रीज नसेल तर जाड थर्माकोलचा किंवा इन्सुलेटेड डबा आणि त्यात पूर्ण गोठलेल्या बर्फाच्या पिशव्या. यात २४ तास निघतात, पण डबा उगाच उघडायचा नाही.

वीज गेली तर? फ्रीजचं दार बंद ठेवलं तर साधारण चार तास थंडावा राहतो. गच्च भरलेला फ्रीजर न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.

वर साय आल्यासारखा थर दिसला की आजी ‘फाटलं’ म्हणून ओतून देतात. ते फाटलेलं नसतं, स्निग्धांश वर आलेला असतो. बाटली हलकेच फिरवली की मिसळतो. गरम करायला कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी ठेवा. गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्येही नको. वितळलेलं पुन्हा गोठवू नका. पाजायला बाटलीच्या निपलपेक्षा बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा. धुवायला सोपा आणि बाळ अंगावरचं सोडत नाही.

सासूबाई उन्हाळ्यात बाळाला पाणी आणि गुटी देतात. मी दिवसभर बाहेर. सांगू कसं?

आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी ४४ अंशांतही लागत नाही. वरच्या पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं आणि जुलाबाची दारं उघडतात. गुटीच्या सहाणेवरही तोच धोका. मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं असू शकतं.

सांगायचं कसं, तर स्वतः सांगू नका. लसीकरणाला सासूबाईंना सोबत न्या आणि डॉक्टर किंवा आशाताईंना त्यांच्यासमोर विचारा. सुनेचं ऐकलं असं होत नाही, डॉक्टरांचं ऐकलं असं होतं. आणि मनाई करताना त्यांच्या हातातलं सगळं काढून घेऊ नका: तेल लावणं, अंघोळ, धुरी सोडून शेक, अंगाई हे त्यांचंच राहू द्या.

पाळणाघर पाहताना काय बघायचं?

अकरा वाजता न सांगता जा. सकाळी सोडायच्या वेळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात. एका बाईकडे दोन वर्षांखालची किती मुलं आहेत ते मोजा. तीन-चारच्या वर असतील तर निघा. पाण्याचा माठ झाकलेला आहे का, गच्चीचं दार कुलूपबंद आहे का, कूलरची वायर आणि पाण्याची टाकी मुलाच्या हाताशी आहे का, हे बघा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधलं पाळणाघर फुकट मिळालं तरी नको. कूलर ओल्या हाताने लावल्याने शॉक बसण्याचे प्रकार आपल्याकडे दर उन्हाळ्यात होतात. अर्थिंग आहे का हे विचारायला लाजू नका.

बंद होण्याची वेळ विचारा. सरकारी कार्यालय २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यात संध्याकाळी सव्वासहाला सुटतं, आणि बरीच पाळणाघरं सहाला बंद होतात. त्या पंधरा मिनिटांसाठी कोण, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तासच घेते. तिच्या भरवशावर पूर्ण दिवसाची नोकरी बसत नाही.

सकाळ आवरतच नाही.

सकाळी काय काय करायचं यापेक्षा सकाळी काय ठरवायचं, यात वेळ जातो. भाजी कुठली, गणवेश कुठला, सुटे पैसे कुठे. हे तीन रात्री ठरले की निम्मा गोंधळ संपतो. कणीक रात्री मळून वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एका रात्रीत काळी पडत नाही, दुसऱ्या दिवशी पडते. गवार, मेथी रात्री निवडून ठेवता येते, वांगं मात्र चिरून ठेवू नका.

दुसरा घोळ पाण्याचा. आपल्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि आलं की त्या दिवशी कोणीतरी घरी लागतं. खालच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह आणि वरच्या टाकीच्या मोटरला ऑटो स्विच बसवा. प्लंबर आणि वायरमन मिळून अर्ध्या दिवसाचं काम आहे. फ्लोटचा रबरी वायसर वर्षा-दीड वर्षात क्षारांनी कडक होतो आणि पाणी वाहत राहतं, तेवढा बदला. नोकरदार बाईच्या घरात मिक्सरच्या आधी हे हवं.

ज्वारीची भाकर डब्यात दुपारपर्यंत वातड होते. उपाय?

ज्वारीत गव्हासारखं चिकट प्रथिन नसतं, पीठ बांधून ठेवतो तो फक्त फुगलेला स्टार्च. म्हणून पाणी उकळतं घ्या, पीठ दोन मिनिटं झाकून ठेवा आणि मग तळहाताने भरपूर मळा. जुनं पीठ विरी जातं, भाकर चिरते. आठवड्याचं पीठ एकदम न दळता तीन-चार दिवसांचं दळा. भाकर डब्यासाठी जरा पातळ थापा, वाफ गेल्यावरच सुती फडक्यात गुंडाळा. गरम भाकर डब्यात कोंडली की खालची ओली आणि वरची वातड होते.

डब्यासाठी कळण्याची भाकर जास्त बरी. एक किलो ज्वारीला पाव किलो सालासकट काळे उडीद आणि दळतानाच थोडं मीठ. उडदाच्या चिकटपणाने ती मऊ राहते. शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा आणि कांदा दिला की भाजीशिवाय डबा होतो, आणि ऑफिसात सगळ्यांत आधी तोच संपतो.

उन्हाळ्यात डबा नासतो.

३२ अंशांच्या वर शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे. सकाळी सातला भरलेला डबा दीडला उघडायचा तर तो मोडणारच, म्हणून पदार्थ निवडा. ओलं खोबरं, उसळ, बटाट्याचा रस्सा, दहीभात एप्रिल-मेमध्ये नको. भाकर, कोरडी चटणी, तेलात परतलेली सुकी भाजी, फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) चालतात, पण फुणके पूर्ण गार करून. शेवभाजी न्यायची असेल तर रस्सा वेगळ्या डब्यात आणि तोही ऑफिसात फ्रीज असेल तरच, शेव पुडीत. आणि डबा स्कूटीच्या डिक्कीत ठेवून गाडी उन्हात लावू नका.

रोज वाटण करायला वेळ नाही. आठवड्याचं करून ठेवता येतं का?

येतं, आणि आपल्याकडच्या स्वयंपाकात सगळ्यांत जास्त वेळ वाचतो तो इथेच. अर्धा किलो कांदा, पाव किलो सुकं खोबरं, लसणाचे दोन गड्डे, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबिरीच्या काड्या. कांदा आधी कोरडा भाजा, मग तेल सोडून गडद तपकिरी होऊ द्या. खोबरं वेगळं भाजा. दोन्ही एकत्र भाजले की खोबरं करपतं, कांदा कच्चा राहतो आणि रस्सा कडवट होतो. वाटताना पाणी घालू नका, अगदी लागलं तर तेल घाला. वाटून झालं की कढईत पुन्हा तेल सुटेपर्यंत परता. ही शेवटची परतणी टाळली की तिसऱ्या दिवशी वास येतो. पूर्ण गार करून काचेच्या बरणीत भरा, फ्रीजमध्ये आठवडा राहतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या केल्या तर महिनाभर. चार माणसांच्या रश्श्याला तीन-चार वड्या. मसाला भाजी करतानाच घाला, वाटणात नको, म्हणजे त्याच वाटणात एक दिवस शेवभाजी, एक दिवस भरलं वांगं, एक दिवस पातोड्या होतात.

बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, शेवया विकत घेतले तर चालतात?

चालतात. बचत गटाच्या बायका आपल्यापेक्षा चांगले करतात. फेब्रुवारीतच ऑर्डर द्या, एप्रिलमध्ये त्यांचाही वट्टा भरलेला असतो. कोणी नाक मुरडलं तर त्यांना एका रविवारी उडदाचं पीठ कुटायला बोलवा.

अप-डाऊन करते. एसटीचा पास काढू की रोज तिकीट?

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या बसमध्ये बायकांना निम्मं भाडं आहे. महिन्याचा साधा पास २० दिवसांच्या भाड्यात मिळतो. तुम्ही महिन्याला २६ दिवस निम्म्या तिकिटाने गेलात तर १३ दिवसांचं पूर्ण भाडं होतं. म्हणजे पूर्ण भाड्यावरच्या पासपेक्षा रोजचं तिकीट स्वस्त. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, हे नवापूरहून गुजरातेत किंवा रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रेल्वेचा मासिक पास सगळ्यांत स्वस्त पडतो आणि १५० किलोमीटरपर्यंत निघतो. चाळीसगाव, पाचोरा, भुसावळ किंवा अमळनेर, धरणगावकडून जळगावला येणाऱ्यांचं गणित त्यावरच चालतं. तो आरक्षित डब्यात चालत नाही, आणि सुपरफास्टला वेगळा अधिभार भरावा लागतो. दंड बहुतेक याच दोन कारणांनी होतो. गाडी उशिरा आली की मस्टरला लाल शेरा लागतो, म्हणून गाडीच्या उशिराचा ॲपमधला स्क्रीनशॉट तिथल्या तिथे ऑफिसच्या ग्रुपवर टाका.

परतीच्या गाडीत शेंगा सोलत, मेथी निवडत बसणाऱ्या बायकांचं एक मंडळच असतं. त्यात शिरा. कुठल्या डॉक्टरकडे गर्दी कमी, कुठली शिकवणी बरी, बदलीची यादी कधी, सगळं तिथे कळतं.

मार्चपासून सकाळची शाळा होते आणि सगळं कोलमडतं.

दरवर्षी होते, तरी दरवर्षी अचानक झाल्यासारखी होते. फेब्रुवारीतच तीन गोष्टी ठरवा: रिक्षावाल्या दादांना दुपारची बदललेली वेळ, पाळणाघराला जादा तासांचे पैसे, आणि घराची किल्ली कोणाकडे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा २०२४ चा शासन निर्णय आहे, पण उन्हामुळे इथे वेळा बदलतात. शाळेची लेखी सूचना येईपर्यंत नियोजन पक्कं करू नका. बारा-साडेबाराला सुटलेल्या मुलाला टोपी, पाण्याची भरलेली बाटली आणि रिक्षात सावलीची बाजू.

शाळेतून फोन नेहमी आईलाच का येतो? बाबा पण गावातच असतात.

कारण फॉर्मवर पहिला नंबर तुमचा आहे. तो बदला. पहिला नंबर बाबांचा, दुसरा तुमचा, तिसरा जवळच्या काकूंचा किंवा आत्याचा. वर्गशिक्षिकेला तोंडीही सांगा, कारण त्या फॉर्म बघत नाहीत, सवयीने फोन लावतात. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात कागदोपत्री आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. नावात आई आली. फोनमध्ये ती आधीपासूनच होती, बाप तेवढा यायचा राहिलाय.

मूल आजारी पडलं की रजा कोणी टाकायची?

ज्याचं त्या दिवशीचं काम पुढे ढकलता येतं त्याने. रविवारी रात्री दोघांनी आठवड्यातले न टळणारे दिवस कॅलेंडरवर मांडा: कॅशचा दिवस, परीक्षा, ऑडिट, साहेबांचा दौरा. मग सकाळी सहाला भांडण होत नाही. लस शक्यतो सुटीच्या आदल्या दिवशी द्या, रात्री ताप आला तर दुसरा दिवस हाताशी असतो. तापाच्या औषधाचं प्रमाण वजनावर असतं, वयावर नाही. सहा महिन्यांपूर्वी लिहून दिलेला डोस आज कमी पडू शकतो, तेव्हा डॉक्टरांकडून नवीन वजनावर लिहून घ्या आणि चिठ्ठी फ्रीजवर चिकटवा.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. सांभाळणाऱ्या मावशी ‘थोडंथोडं’ म्हणून पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट टाकतात. त्याने क्षार जास्त होतात आणि मूल आणखी बिघडतं. लिटरच्या बाटलीवर खूण करून द्या. २४ तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल सुस्त झालं, सहा-आठ तास लघवी नाही किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

साडेपाचला मीटिंग लावतात, मी निघाले की ‘हिला घराची घाई’.

साडेपाचच्या मीटिंगमध्ये पहिली वीस मिनिटं चहा आणि राजकारण असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. दर वेळी कारण सांगू नका. कारण सांगितलं की त्यावर चर्चा होते. ‘माझी वेळ सव्वासहापर्यंत आहे, माझा मुद्दा आधी घ्या’ एवढंच. तुमच्या भागाची माहिती एक पान करून दुपारीच पाठवा. मार्च अखेरीला मात्र थांबावं लागतं. ते आधीच घरी सांगून ठेवा आणि ऑफिसात दिसू द्या, वर्षभराचं तोंड बंद होतं.

कार्यक्रमाला रांगोळी, स्वागत, चहा आमच्याचकडे.

यादी फळ्यावर लागू द्या आणि पाळी लावा. रांगोळी आवडत असेल तर काढा, पण मग खुर्च्या आणि हिशेब पुरुषांकडे.

त्रास देणारा वरचाच साहेब असेल तर?

१० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने बंधनकारक आहे. अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, आणि तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. मेसेज पुसू नका. तारीख, वेळ, जागा, तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी लिहा; तीन महिन्यांनी आठवून लिहिलेलं उलटतपासणीत डळमळतं.

लग्न, बस्ता, दारावर (सांत्वनाला) जाणं, कानबाई, आखाजी (अक्षय्य तृतीया)... सगळीकडे हजेरी लावायची कशी?

सगळीकडे लागत नाही. ‘नोकरीवाली सून शे ती, तिले कोठे येळ!’ हे गेलात तरी ऐकायचं आणि नाही गेलात तरी. मग निवडून जा. बस्त्याला अख्खा दिवस जातो आणि तुमच्या मताने एकही साडी ठरत नाही, तो सोडा. हळदीला संध्याकाळी जा, लग्नाला पंगतीआधी. दारावर मात्र जाच, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत जा. दुःखाच्या घरी कोण आलं होतं हे माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपण्याच्या विधीला, नाही जमलं तर चालून जातं.

कानबाई, ही आपली खान्देशातली देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी विसर्जन असतं, म्हणून रजा सोमवारची टाका, आणि जुलैतच टाका. खान्देशातल्या प्रत्येक ऑफिसात त्या सोमवारी निम्मे अर्ज येतात. रोटाचे गहू आदल्या आठवड्यात निवडून ठेवा. आखाजीला माहेरी जायचं तर सुटी गृहीत धरू नका. लेकरांना चार दिवस आधी पाठवा, आपण शनिवारी जा. झोके तोवर बांधलेलेच असतात.

नवरा मदत करतो, तरी थकवा जात नाही.

तो भाजी आणतो, पण कुठली ते तुम्ही सांगता. तो लस द्यायला नेतो, पण तारीख तुमच्या डोक्यात, कार्ड तुम्ही शोधून दिलेलं. हात त्याचे, डोकं तुमचं. तोडायचं असेल तर काम मुळापासून द्या: लसीकरण म्हणजे कार्ड, तारीख, नेणं आणि रात्रीचा ताप, सगळं. गॅस सिलिंडर म्हणजे नंबर लावण्यापासून. पहिल्या महिन्यात चुकेल, सिलिंडर संपेल, तेव्हा मध्ये पडू नका. एक संध्याकाळ खिचडी शेगडीवर होईल. दोन कामं पूर्ण दिलेली बरी, दहा अर्धी नकोत.

कामवाल्या मावशींशी ठरवताना काय बोलावं?

महिन्याला किती सुट्या, न सांगता न आल्यास काय, दिवाळीला काय, उचल किती आणि कशी फेडायची. वहीत दोघींनी लिहा. त्यासुद्धा नोकरी करणारी आईच आहेत. त्यांच्या लेकराची सकाळची शाळा मार्चमध्येच सुरू होते.

पगार कुठे ठेवावा? भिशी बरी का?

पगार स्वतःच्या खात्यात आणि एटीएम कार्ड स्वतःच्या पर्समध्ये. भिशी ओळखीवर चालते. वही नसेल, सह्या नसतील तर पैसे बुडाल्यावर दाद कुठे मागणार? लहान रक्कम, माहितीच्या बायका आणि स्वतःचा नंबर लवकरचा असेल तरच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, व्याज एक-दोन टक्के जास्त दिसलं तरी. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या पाहिलेल्या जळगाव जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगायची गरज नसावी, पण नव्या सुना विचारतात.

सारखी दमते, चिडते. नोकरी सोडावी का?

आधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे आणि चिडचिडीचं अर्धं कारण तिथेच सापडतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या; चहा आणि गोळी यांत किमान एक तासाचं अंतर, कारण चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळी होते, घाबरू नका. थायरॉइडही एकदा बघून घ्या. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटून गेले तरी रडू येतं, झोप लागत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, असं असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फोन मोफत आहे. राजीनाम्याचा विचार तीन महिने गोळ्या पूर्ण घेतल्यावर करा.